भिंतीची पाठ

एवारिस्तोनं आयुष्यभर लोकांच्या परसात आग मांडून दिली.
पायसांदूत कुठल्याही घरामागे जा,
मांस भाजायचा विटांचा ओटा, वर निमुळतं धुराडं,
त्यातलं निम्मं तरी त्याच्या थापीखालून गेलेलं.
आमच्याकडे मात्र चाळीस वर्षं
तेलाच्या पिंपाचं आडवं कापलेलं अर्धुक
आणि त्यावर भंगारातल्या पलंगाची जाळी.
"निवृत्त होऊ दे," म्हणायचा.

निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी
पहाटे पाचला अंगणभर खडूच्या रेघा.
इथे लाकूड जळेल, इथे निखारे ओढायचे,
इथे तिरकी जाळी, चरबी वाहून जाईल अशी,
आणि इथून तिथपर्यंत वीस माणसांचं टेबल.
वीस? मी म्हटलं, आपल्याला ओळखणारी
तेवढी जिवंत तरी आहेत का?
आणि हात कुठे धुवायचे?
त्यानं खडू कानामागे खोवला.
आगीच्या माणसाला पाणी सुचत नाही.

विटा आणल्या पाडलेल्या रेल्वे-गोदामाच्या.
नातू लाउतारो त्यांचा जुना चुना खरवडायचा,
दहा विटांमागे एक बिस्किट,
आणि मोजताना सातच्या पुढे थेट दहा.

मागची भिंत सामाईक.
पलीकडे फागुंदेस, एकटा,
ज्याच्याशी आमचा अकरा वर्षांचा अबोला, एका शिडीवरून.
शिडी त्याची. आम्ही नेली, तिची पायरी मोडली,
की आधीच मोडकी होती?
आता कुणालाच धड आठवत नाही,
अबोला तेवढा दोन्ही घरांना पाठ.

पहिला रविवार. एस्पिनिशोचं लाकूड, आतपर्यंत वाळलेलं.
बरगड्या, सॉसेजं, वहिनीनं केस नुकतेच सेट केलेले.
आणि धूर वर जाईना.
गावाचा धूर ज्यानं आभाळाला लावून दिला
त्याचा स्वतःचा धूर खाली वाकून
टोमॅटोवर, केसांवर, डोळ्यांवर,
जणू तोही जेवायलाच आलाय.
भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायची रीत आहे इथे.
वाजल्या. खोकत खोकत.
एवारिस्तो चिमटा हातात धरून उभा,
चेहरा असा की मी सॅलड उगाच पुन्हा ढवळलं.

तेव्हा भिंतीपलीकडून, कुणाला उद्देशून नाही,
"दोन थर कमी पडलेत."
अकरा वर्षांनी पहिला शब्द, आणि तो नेमका बरोबर.
टेबल गप्प. फक्त चरबी बोलत होती निखाऱ्यांशी.

सोमवारी सकाळी भिंतीवर दोन टोकं दिसली.
मग सगळी शिडीच, हळूहळू, आमच्याकडे उतरणारी.
चौथी पायरी वेगळ्या लाकडाची,
बसवून बरीच वर्षं झालेली, झिजून गुळगुळीत.
एवारिस्तोनं तिच्यावर पाय ठेवण्याआधी
तिला हातानं दाबून पाहिलं.
दोन थर चढले. वर कथिलाची टोपी.
धूर आता सरळ जातो, शहाण्या मुलासारखा.

बोलणं अजून फारसं नाही.
रविवारी एक ताटली भिंतीवर ठेवते,
उतरवून घेतली जाते, धुऊन परत येते,
कधी तीत दोन लिंबं.
ये म्हटलं तर म्हणतो, गुडघा दुखतो.

जुलैत छताचं गळतं पाहायला मी त्याच शिडीवरून चढले
आणि पलीकडे पाहिलं.
आमच्या आगीच्या बरोबर पाठीमागे, भिंतीला टेकवून,
त्यानं खुर्ची मांडलेली.
घोंगडी, माते, मांडीवर मांजर,
आणि पाठ विटांना अशी लावलेली
जशी मी एके काळी एवारिस्तोला लावायचे, पहाटेच्या थंडीत.
मी खाली उतरले. गळतं राहून गेलं.

नळ अजून जोडलेला नाही. बादली आहे.
वीस माणसं एकदाही जमली नाहीत, फार तर नऊ.
पण पाहुणे गेले, जाळी खरवडून झाली, दिवा मालवला,
की मी आणखी एक ओंडका टाकते, जाडसा.
"आता कशाला?" एवारिस्तो विचारतो. "काही भाजायचं राहिलंय?"
राख सारखी करत म्हणते,
विटा नव्या आहेत. तापू देत अजून थोड्या.